चाकांवरची खोली

१

जुन्या गाड्यांची किंमत ठरवणं हा माझा धंदा. किंमत म्हणण्यापेक्षा तब्येत म्हणा, किंमत तिच्यामागून येते. नोकरीत असताना विम्यासाठी ठोकलेल्या गाड्या बघायचो, निवृत्त झाल्यावर शौकीन लोकांच्या विंटेज गाड्यांकडे वळलो. गिरगावात बसून माणूस यावर जगतो, हे आमच्या वाडीत अजून कुणाला पटत नाही. पण मुंबईत जुनं लोखंड पुष्कळ, आणि ते बघून खरं-खोटं सांगणारी माणसं थोडी. मला सांगता येतं. त्याचा मला माज आहे, तो आधीच सांगितलेला बरा.

तर जगदीशचा फोन आला. हा जगदीश फार्महाऊसवाल्यांना जुन्या गाड्या मिळवून देतो. म्हणाला, काका, लालबागच्या एका चाळीत कॅराव्हॅन उभी आहे, कर्जतच्या पार्टीला हवीये, बघायला या. कॅराव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे हुकाला अडकवून ओढायची खोली. साहेब लोक पूर्वी तिच्यातून सहलीला जायचे. चाळीत ती काय करतेय, असं मी विचारलं. तो नुसता हसला.

चाळीच्या मागच्या आवारात, नळाच्या आणि कुंपणाच्या मधे ती खरंच उभी होती. गोलसर छप्पर, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, एकेकाळचा पिवळसर रंग. गिरणीच्या कुठल्या विलायती मॅनेजरची होती म्हणे. गिरणी बंद पडली तेव्हा रामजी नावाच्या फिटरने चार दोस्त घेऊन ती ढकलत चाळीत आणली. रामजी आता नाही. त्याचा मुलगा प्रफुल्ल मला सगळं सांगत होता आणि सांगताना जमिनीकडे बघत होता. चाळीतल्या एका खोलीत तो, बायको, दोन पोरं, शिवाय धाकटा भाऊ आणि त्याचा संसार. म्हणून आई, शांताबाई, कॅराव्हॅनमध्ये झोपते. कित्येक वर्षं. आता ही विकली गेली तर आईला कणकवलीकडे गावच्या घरी पाठवायचं, जे बंद पडलेलं आहे आणि जिथे कोणी नाही. नाही विकली गेली, तर बिल्डर येईपर्यंत आई आहे तिथे राहील. जगदीशने त्याला स्वच्छ सांगितलं होतं की लाकूड कुजलेलं निघालं तर तो हात लावणार नाही.

म्हणजे म्हातारीचं राहणं माझ्या एका शब्दावर आलं होतं. हे मला पहिल्याच दिवशी, आत पाय टाकायच्या आधी कळलं होतं.

शांताबाई दाराशी स्टुलावर बसून सुपात सुका जवळा निवडत होत्या. गुडघे गेलेले. एकदा बसल्या की उठायला दोन माणसं लागतात, प्रफुल्ल म्हणाला. मी नमस्कार केला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे.

२

मी बूट घालूनच आत गेलो. वाहनात कोणी बूट काढून जात नाही, आणि जमीन तपासायची तर टाच आपटत चालावं लागतं. कुजकी फळी टाचेखाली दबते, धड फळी दबत नाही. साधी गोष्ट आहे.

पण खरं तर आधी नाकाने बघायचं असतं. जुन्या कॅराव्हॅनच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो, सांध्यातून पाणी शिरतं आणि वर्षानुवर्षं आतल्या आत कुजत राहतं. दार उघडलं की ओल्या गोणपाटाचा वास येतो. इथे आला तो खोबरेल तेलाचा, धुतलेल्या कपड्यांचा, गरम भाताचा. भरल्या घराचा. म्हातारी झोपते, तिचाच असणार, असं मी मनाशी म्हटलं. म्हातारीचा स्वयंपाक चाळीतल्या खोलीत होतो हे प्रफुल्लने सांगितलेलं होतं, पण तेव्हा ते मनात आलं नाही.

पुढच्या बाजूला दोन लांब बाकं समोरासमोर, मागे छोटं कपाट आणि ताटाएवढं सिंक. मी खिडक्यांच्या खालचे कोपरे अंगठ्याने दाबले. टोच्या काढून सांध्यांत टोचून बघितलं. बोटाच्या पेरांनी भिंत वाजवत गेलो. सगळीकडून खणखणीत आवाज. अहो, मुंबईची हवा, साठ वर्षांचं लाकूड, आणि ओलीचा एक डाग नाही? मी माझ्या आयुष्यात असं लाकूड बघितलेलं नाही. सतत कोणी वापरत असेल, पुसत असेल, तरच वस्तू अशी राहते.

मी मागच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून कपाटाखाली बघत होतो, तेव्हा कॅराव्हॅन दाराच्या बाजूला झुकली.

तिला दोनच चाकं. आत कोणी पाऊल टाकलं की जमीन तेवढी कलते, पाठमोरं असलं तरी कळतं. मी न वळताच म्हटलं, या जगदीश. उत्तर आलं नाही. पुन्हा झुकली, आणि सावरली. पुन्हा. घरातली माणसं एकामागून एक उंबऱ्यातून आत यावीत तशी. मग ते वजन बाकांकडे सरकलं, दोन्हीकडे वाटलं गेलं, आणि जमीन स्थिर झाली.

मी वळून बघितलं. दार उघडं, बाहेर ऊन, बाकं रिकामी.

जुन्या पाट्या आहेत, मी स्वतःला समजावलं. स्प्रिंगच्या पाट्या गंजल्या की माझंच वजन उशिरा घेतात, मग कुरकुरत बसतात. मी असं शेकडो गाड्यांत बघितलंय. वजन आपल्या दिशेने चालत येतं, असं मात्र एकाही गाडीत बघितलेलं नव्हतं.

३

बाहेर पडायला दारात आलो आणि पायाला पायरीचं गरम लोखंड लागलं.

माझ्या पायांत बूट नव्हते. बूट खाली जमिनीवर, शेजारी शेजारी, नाड्या सैल करून आत खोचलेल्या, आणि टोकं बाहेरच्या दिशेला वळवलेली. पाहुणा निघायच्या आधी घरातल्या कोणीतरी त्याच्या चपला फिरवून ठेवाव्यात, तशी.

मी बूट घालून गेलो होतो. टाचांचा आवाज मीच ऐकला होता. की सवयीने काढले? काढले असतील. घरासारखा वास आला, हात आपोआप गेले असतील. एवढा विचार करत होतो आणि त्याच वेळी माझ्या उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला मला दिसला. प्रफुल्ललाही दिसला. खरं सांगतो, त्या क्षणी मला भीती वाटली नाही, लाज वाटली. आपण कुणाच्या तरी घरात शिरून अंथरुणापांघरुणांत टाचा आपटल्या आणि त्या घराने मात्र आपला फाटका मोजासुद्धा निमूट पोटात घातला, असं काहीतरी वाटून मी कानकोंडा झालो.

शांताबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या, “पाणी दिल्यानी मा?”

पाणी दिलं ना त्यांनी, एवढंच. कोणी, ते मी विचारणार होतो. पण मिशी पुसायला हात गेला आणि ती ओली होती. तोंडात माठातल्या पाण्याची चव होती, वाळा घातलेल्या. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

प्रफुल्लला जगदीशने हाक मारली म्हणून तो पलीकडे गेला. तेव्हा म्हातारीने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं.

“सायबा, कुजलला आसा म्हणान सांग. तुझा काय जातला?”

माझं काय जाणार होतं? काही नाही. मी म्हणालो, बघतो. मुंबईत ‘बघतो’ म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं. त्यांनाही असणार. तरी त्यांनी हात जोडले.

४

खोटं बोलायचं असं मी जवळजवळ ठरवलं होतं. एक डाव खोटं बोललो तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. कर्जतवाल्याला दुसरी कॅराव्हॅन मिळाली असती.

आम्ही तिघं आवारातच कटिंग पीत उभे होतो. मी घसा खाकरून सुरुवात केली, की वरून बरी दिसते, पण अशा गाड्यांचं आतून सांगता येत नाही. जगदीशने लगेच तोंड वाकडं केलं. दुसरा एक मूल्यांकनवाला त्याने आधीच आणला होता, हे तेव्हा मला कळलं. पोरगेला होता, ओल मोजायचं मीटर लावून बघून गेला, म्हणाला लाकूड एक नंबर आहे. जगदीशने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसत विचारलं, “काका, आता कळत नाही का तुम्हाला लाकूड?”

बस. एवढंच पुरलं.

मी कप ठेवला आणि सुरू झालो. बाहेरच्या भिंतीवर पेरं वाजवून दाखवली, कोरडं लाकूड कसं बोलतं ते ऐकवलं. सांधे दाखवले, छपराची शिवण दाखवली, मीटरवाल्या पोराला जे दिसणं शक्यच नव्हतं तेही दाखवलं. अशी कॅराव्हॅन अख्ख्या देशात दुसरी नसेल, असं छाती पुढे काढून म्हणालो. जगदीशचा चेहरा फुलला. प्रफुल्लचा उतरला, आणि लगेच त्याने तो सावरला. मी अजून बोलतच होतो. बोलायला लागलो की मला थांबता येत नाही, माझी बायको दर्शना नेहमी म्हणते.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की कॅराव्हॅन आमच्या बाजूला कलली आहे. हळूहळू, जराही आवाज न करता. आत बसलेल्या सगळ्यांनी उठून या बाजूच्या खिडक्यांशी यावं, आपल्याबद्दल बाहेर काय बोलणं चाललंय ते ऐकायला, तशी.

बाकी कोणाच्या ते लक्षात आलं नाही. शांताबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं आणि त्या निवडत होत्या. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

५

न्यायच्या दिवशी मला जायची काही गरज नव्हती. जगदीश म्हणाला, हुक नीट बसला की नाही ते बघायला या. गेलो. रात्री झोप लागत नव्हती म्हणूनही गेलो असेन.

भर दुपार. आतलं सामान काढलं होतं. शांताबाईंचं बोचकं स्टुलाशेजारी होतं, संध्याकाळच्या गाडीचं तिकीट प्रफुल्लच्या खिशात. पुढे जीप लावलेली. हुक लावायचा तर कॅराव्हॅनचं नाक उचलून जीपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर ठेवावं लागतं. दोन माणसांचं काम. दोघांनी जोर लावला, हललं नाही. आणखी दोघं आले. चाळीतली पोरं आली. जगदीशने जॅक लावला, तर जॅक जमिनीत रुतला. माझ्याकडे सगळे बघायला लागले, की काका, रिकाम्या गाडीला एवढं वजन कुठून?

“ते खंय जातले?” शांताबाई म्हणाल्या. कुठे जातील ते? कोणाला उद्देशून म्हणाल्या कोण जाणे. प्रफुल्लने ओशाळून माझ्याकडे बघितलं, वय झालंय म्हणून खूण केली.

मी आत गेलो. या वेळी बूट मी स्वतः काढले.

आत काही नव्हतं. झाडून पुसून लख्ख केलेलं. फक्त दोन्ही बाकांच्या रेक्झिनच्या गाद्या दबलेल्या होत्या. एकाशेजारी एक खळगे, खेटून, भिंतीपासून दारापर्यंत. चाळीतली माणसं टीव्हीसमोर बसतात तितक्या दाटीने. मी बघत असताना उजवीकडचे खळगे थोडे सरकले. रेक्झिन करकरलं. आणि मधे एका माणसापुरती जागा झाली, गादी तिथे हलकेच फुगून वर आली.

मला बसायला सांगत होते.

मी पळालो नाही याचं मला आजही नवल वाटतं. पण पाहुणचार करणाऱ्या घरातून पळणार कसं? ज्यांना मी माझ्या तोंडाने रस्त्यावर काढलं, ते सरकून मला जागा देत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायला हवं होतं. बाहेर जगदीश हाका मारत होता. आणि माझ्या तोंडून तेच निघालं, जे लग्नाकार्यात आपण निघताना कुणालाही म्हणतो, ज्यावर समोरचा ‘येऊ की’ म्हणतो आणि कोणी कधी येत नाही.

“चला, आमच्याकडे चला. गिरगावात दोन खोल्या आहेत. मुलगी सासरी गेली, आम्ही दोघंच असतो. सगळे चला.”

दाराजवळची गादी वर आली. मग तिच्या शेजारची. एकेक खळगा सावकाश भरत गेला, आणि प्रत्येक वेळी जमीन दाराकडे कलून सावरली. मी भिंतीला चिकटून उभा होतो. त्यांना जायला वाट हवी म्हणून.

बाहेर येऊन मी नाकाची कडी धरली आणि एका हाताने उचलली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काय जादू केलीत काका, जगदीशने विचारलं. पाटी अडकली होती, मी सांगितलं.

शांताबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना मी ‘चला’ म्हणालो नव्हतो. समोर जिवंत बसलेल्या बाईला म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही. म्हणालो असतो तर ती खरंच आली असती, हे कुठेतरी माहीत असावं. मी त्यांच्याकडे न बघता बूट घातले आणि निघालो.

६

टॅक्सी केली. मी बसलो तशी ती मागून इतकी खाली बसली, की ड्रायव्हर उतरून दोन्ही टायर बघून आला. सगळ्या रस्ताभर तो आरशातून माझ्या आजूबाजूला बघत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

दर्शना गॅलरीत उभी होती. दुपारची ती कधी बाहेर उभी राहत नाही. आत फार कोंदट होतंय, म्हणाली, हवाच पुरत नाही. आणि मग जरा गोंधळून तिने मला विचारलं की कोणी येणार आहे का, कारण चहाला ठेवताना तिच्या हाताने माळ्यावरचं मोठं पातेलं काढलं होतं, आमच्या मुलीच्या, ओवीच्या, साखरपुड्यानंतर न काढलेलं. मी कोणी नाही म्हणालो आणि आत गेलो.

भाताचा वास येत होता. खोबरेल तेलाचा येत होता. आमच्या दिवाणावरची चादर भिंतीपासून कडेपर्यंत दबलेली होती. मधे एक जागा मोकळी.

मला वाटलं माझ्यासाठी ठेवलीय. मी ओशाळं हसून पुढे झालो, तशी ती मिटली. मागे सरकलो, तशी पुन्हा झाली. मी दोनदा करून बघितलं, नोकरीत कसलीही गोष्ट दोनदा तपासायचो तसं. ती जागा माझी नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. प्रफुल्ल होता. आई सापडत नाही, म्हणाला. कॅराव्हॅन गल्लीबाहेर पडली, तो चार जणांशी बोलत होता, वळून बघतो तर स्टूल रिकामं, बोचकं नाही. शेजारच्या बाईंना सांगून गेली की सायबाने सगळ्यांना गिरगावात बोलावलंय. प्रफुल्लला बोलायचाच संकोच होत होता. “माफ करा हं साहेब, मी म्हटलंच त्यांना, साहेब असं कशाला म्हणतील. तुम्ही काही बोलला नाहीत ना तिला?”

“नाही हो,” मी म्हणालो. “मी त्यांना काही बोललो नाही.”

ते अक्षरशः खरं होतं. मी फोन ठेवला. कान तापले होते. दर्शना दारातूनच मला म्हणाली की जिन्यावर कोणी बाई आहेत, आपल्याकडेच येताहेत वाटतं, ओळखीच्या आहेत का.

मी गॅलरीत आलो आणि कठड्यावरून खाली बघितलं. शांताबाई वर येत होत्या. आमचा जिना लाकडी, उंच पायऱ्यांचा, धडधाकट माणूस धापा टाकतो. त्या कठड्याला हात न लावता येत होत्या. त्यांचे दोन्ही कोपर अंगापासून जरा वर उचललेले होते, दोन्हीकडून कोणीतरी धरलेले असावेत तसे. बोचकं त्यांच्या हातात नव्हतं. ते त्यांच्या मागून, पायरीपासून वीतभर वर, पायरी पायरीने येत होतं. मी बघितलं ते इतकंच, मग मान फिरवली.

दर्शनाला बोचकं दिसलं की नाही, मला माहीत नाही. दारात आलेल्या म्हाताऱ्या बाईला परत पाठवायचं आमच्या घराला ठाऊक नाही. या, आत या, बसा, असं म्हणत ती बाजूला झाली.

आत दिवाण करकरला. सगळे जरा सरकले असावेत.

शांताबाई माझ्यापाशी थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधायचा मी प्रयत्न केला, तो नव्हता. दारातूनच त्यांनी खोलीवरून नजर फिरवली, दिवाण बघितला, खुर्च्या बघितल्या, पलीकडची खोली बघितली. मग काळजीच्या सुरात त्यांनी मला विचारलं,

“सायबा, आता तू खंय बसतलंस?”

दर्शना त्यांना हाताला धरून आत घेऊन गेली आणि मी गॅलरीत उभा राहिलो.